कोजागरीच्या दिवशी तरंगत्या हॉटेलात जेवायला गेलो त्याची पूर्ण हकिगत (प्रकरण अभ्यास)

पुण्यातल्या एका दहा जणांच्या कुटुंबाने थायलंडमधल्या फुकेत बेटावर एका दिवसाचा बेत आखला, त्यात काय बरोबर ठरलं आणि काय चुकलं ते सगळं इथे लिहितेय. कुटुंब आमचंच आहे. नावं लिहीत नाही, नात्यानेच लिहिते. हॉटेलचं आणि जेट्टीचं नावही देत नाही. घरात म्हातारं माणूस असेल किंवा खाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल आणि पाण्यावर कुठेही जायचं असेल, मग ते थायलंड असो की तारकर्ली, तर हे शेवटपर्यंत वाचा.

पार्श्वभूमी

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं असं गणपतीतच ठरलं होतं. दसरा १२ ऑक्टोबर २०२४ ला होता, घट उठल्याशिवाय आजी घर सोडणार नाही हे नक्की, म्हणून १३ ला सहकारनगरातून दोन गाड्या करून मुंबई आणि तिथून फुकेत. जुलै २०२४ पासून भारतीयांना थायलंडमध्ये ६० दिवस व्हिसा लागत नाही असं झालं होतं त्यामुळे तो खर्च आणि ताण वाचला. (आता १ मे २०२५ पासून जायच्या आधी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते विसरू नका.)

माणसं कोण कोण होती ते नीट सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आजी ७८ वर्षांची, डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालेलं, डायबिटीस आहे, काठी घेऊन चालते पण स्वतःची स्वतः चालते. आई, बाबा, काका, काकू. आत्या पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, ९ वर्षांचा, त्याला कोळंबीची ॲलर्जी. साधी खाज वगैरे नाही, दोन वर्षांपूर्वी एका लग्नात चुकून खाल्ली तेव्हा ओठ सुजले, श्वास लागला आणि रात्री हॉस्पिटलला न्यावं लागलं होतं. आणि मी. आमच्या घरात प्रवासाचं प्लॅनिंग माझ्याकडे असतं म्हणून जे चुकलं त्यात माझा वाटा मोठा आहे.

तरंगत्या हॉटेलचं दादाने काढलं. त्याने एक रील पाठवलं, पाण्यावर लाकडी फळ्यांचा मोठा राफ्ट, मधे जाळ्यांचे चौकोन, त्यात जिवंत मासे, आपण मासा दाखवायचा आणि तो शिजवून देतात. काकांचं बालपण हर्णैला गेलेलं, बंदरावर लिलाव बघत वाढलेला माणूस, त्यांनी ते रील चार वेळा बघितलं आणि म्हणाले बाकी काही नाही केलं तरी चालेल पण इथे जायचंच.

आणि मग लक्षात आलं की आपण तिथे असताना कोजागरी येतेय. १६ ऑक्टोबर. पाण्यावर बसून चंद्र बघायचा, दूध प्यायचं. त्यात त्या पौर्णिमेचा चंद्र २०२४ मधला सगळ्यात जवळचा, म्हणजे दिसायला मोठा. आईच्या डोळ्यात पाणीच आलं ऐकून. संध्याकाळी पाचला जायचं, साडेआठला परत यायचं, असं घरच्या ग्रुपवर ठरूनसुद्धा गेलं.

अडचण नेमकी काय होती

आजी त्या चर्चेत एकदाच बोलली. म्हणाली, "त्या दिवशी तिकडे पाणी कधी भरतं?" आणि आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं की आजी, हॉटेलात चोवीस तास पाणी असतं. ती गप्प बसली. ती भरतीबद्दल विचारत होती. हर्णैला आयुष्याची पहिली पन्नास वर्षं काढलेली बाई, तिला समुद्र म्हटलं की पहिला प्रश्न हाच पडतो आणि आम्ही पुण्यात वाढलेले, आमच्यासाठी पाणी म्हणजे नळाचं. हे मला दहा दिवसांनी, अंथरुणात पडल्यावर एकदम कळलं आणि मी उठून टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, उघडलं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि ओहोटीला पाणी जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. चंद्र पृथ्वीच्या जवळ असेल तर उधाण आणखी मोठं. म्हणजे आम्ही निवडलेला दिवस हा वर्षातल्या सगळ्यात मोठ्या चढ-उताराच्या दिवसांपैकी एक होता. टेबलात सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी चारच्या आसपास ओहोटी दिसत होती, दोघांमधला फरक अडीच मीटरच्या वर. आम्ही पाचला बोटीत बसणार होतो, म्हणजे पाणी जवळजवळ तळाला असताना.

आजीला विचारलं तर तिने बोटांवर हिशोब केला. तिथीची पाऊणपट, चतुर्दशी म्हणजे चौदा, साडेदहाला भरती. कोकणात हा हिशोब बऱ्यापैकी बसतो पण तिकडचा किनारा वेगळा, साधारण पाऊण-एक तासाचा फरक निघाला. तरी तिचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता की संध्याकाळी पाणी नसणार.

आता पाणी नसलं तर काय होतं हे ज्यांनी जेट्टी फक्त फोटोत बघितलीय त्यांना कळत नाही, मलाही कळत नव्हतं. जेट्टी तिथेच असते, बोट खाली जाते. भरतीला बोटीची कड धक्क्याच्या बरोबरीला असते, पाय टाकला की आत. ओहोटीला तीच बोट माणसाच्या उंचीपेक्षा खाली, आणि मधल्या ज्या पायऱ्या एरवी पाण्यात असतात त्या उघड्या पडतात, शेवाळ धरलेल्या, कडेला कालवं म्हणजे एक प्रकारचे शिंपले चिकटलेले. कालवांची धार ब्लेडसारखी असते.

ही झाली पहिली अडचण. दुसरी हवामानाची. सप्टेंबर-ऑक्टोबर हे फुकेतचे सगळ्यात जास्त पावसाचे महिने, नैऋत्य मोसमी वारे आपल्यासारखेच पश्चिमेकडून येतात म्हणून पश्चिमेचे बीच मे ते ऑक्टोबर खवळलेले असतात, लाल झेंडे लागतात. तिसरी भाच्याची. आणि आत्याचं जेवण, पण ते त्यामानाने सोपं निघालं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय फी फी बेटांची स्पीडबोट टूर, त्यात जेवण असतं. हा लगेच बाद झाला कारण स्पीडबोट उघड्या समुद्रातून आपटत जाते, पाठीचा त्रास असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना टूरवालेच नको म्हणतात. बाबांनी इथे २०१८ ची आठवण काढली. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ फिनिक्स नावाची टुरिस्ट बोट वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक गेले, खराब हवेचा इशारा आधीच दिलेला होता. बाबा म्हणाले, सुट्टीवर आलेला माणूस पैसे भरलेत म्हणून बोटीत चढतो, आपण तसं करायचं नाही. हे वाक्य आमच्या सगळ्या प्लॅनचा पाया झालं असं म्हटलं तरी चालेल, निदान अर्ध्या दिवसापर्यंत.

दुसरा, फांग-न्गा खाडी आणि तिथल्या को पान्यी गावात जेवण. खाडी आडोशाला आहे, चुनखडीचे उभे डोंगर पाण्यातून वर आलेले, दिसायला फार सुंदर. गाव मुस्लिम मच्छीमारांचं, पाण्यात खांब रोवून त्यावर वसलेलं, म्हणजे तरंगतं नाही हे लक्षात घ्या, तरंगतं आहे ते तिथल्या पोरांनी बांधलेलं फुटबॉलचं मैदान. पण हा अख्खा दिवस जाणारा प्रकार, बोटीत बराच वेळ आणि टॉयलेटचा प्रश्न. आजी म्हणाली मी हॉटेलात बसते, तुम्ही जा. ते कोणालाच नको होतं.

पाटोंग बीचसमोर समुद्रात एक तरंगता क्लबसुद्धा आहे, स्विमिंग पूल, मोठं म्युझिक. तो आमच्यासाठी नव्हता.

राहिला पूर्व किनारा. फुकेतच्या पूर्वेला को मफ्राओ म्हणजे नारळाचं बेट आहे, ते आणि फुकेत यांच्या मधल्या पट्ट्यात माशांच्या पिंजऱ्यांवर बांधलेली अशी तरंगती हॉटेलं आहेत. अख्खं फुकेत बेट मधे आडवं येत असल्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्याचा मार तिथे पोचत नाही, बोटीचा प्रवास अगदी थोड्या मिनिटांचा, बोट हॉटेलवाल्यांचीच. ऑक्टोबरमध्ये ह्या वयाच्या माणसांना घेऊन जायला मला अजूनही हीच जागा योग्य वाटते. त्यासाठी शेवटचे दोन दिवस मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या करोन बीचहून हलवून फुकेत टाउनमध्ये घेतला म्हणजे जेट्टी जवळ पडेल, हा निर्णयही चांगला ठरला.

आता प्रश्न वेळेचा. संध्याकाळ ठेवली तर चंद्र मिळतो (आणि पूर्व किनारा असल्यामुळे तो समोरच उगवणार होता, हे कळल्यावर सोडवतच नव्हतं), पण चढताना ओहोटी आणि उतरताना अंधार. दुपार ठेवली तर चढताना पाणी भरपूर, उतरताना मध्यम, उजेड आहे, पण कोजागरी नाही. ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. दादा म्हणत होता की लोक रोज जातात, कोणाला काय होतं, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तरण्या माणसाला काहीच होत नाही. शेवटी आईनेच सांगितलं की चंद्र मुक्कामाच्या हॉटेलच्या गच्चीवरून बघू, सासूबाईंना खाली बघत पाय टाकावा लागेल अशा ठिकाणी अंधारात न्यायचं नाही.

आम्ही काय ठरवलं

साडेदहाला जेट्टीवर, अकराच्या आत राफ्टवर, सव्वा वाजता परत जेट्टीवर. सव्वा का, तर तोपर्यंत पाणी अर्धंच उतरलेलं असणार होतं.

भाच्याचं काय करायचं यावर वहिनी आणि दादा यांच्यात खूप बोलणं झालं. वहिनीचं म्हणणं त्याला न्यायलाच नको, मी त्याच्याबरोबर थांबते. थाई स्वयंपाकात कोळंबी कुठे कुठे असते याची यादी केली तर भीतीच वाटते. करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, कापी म्हणतात, ती दिसत नाही. वर एकाच कढईत सगळं परततात. शिवाय कोळंबी-खेकडे उकळतात त्याच्या वाफेनेही काहींना त्रास होतो. शेवटी पुण्यातल्या त्याच्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी इमर्जन्सीची औषधं, ती कशी द्यायची ते आणि इंग्लिशमध्ये पत्र दिलं आणि सांगितलं की बाहेरचं काहीही खायचं नाही, भटारखान्यापासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवा आणि जवळचं हॉस्पिटल आधी बघून ठेवा. त्याचा डबा आमच्या रूमवरूनच, घरून नेलेल्या दशम्या आणि मेतकूट-भात. हॉटेलला आधी फोन करून विचारलं की मुलाचा डबा आणला तर चालेल का, ते लगेच हो म्हणाले. आमच्या मुक्कामाच्या रिसेप्शनवरच्या मुलीने थाईमध्ये चिठ्ठी टाइप करून चार प्रती काढून दिल्या की ह्या मुलाला कोळंबी, खेकडा, शेवंड (लॉबस्टर) चालत नाही, जीवाला धोका आहे.

आत्याचं सांगते. थाईमध्ये शाकाहाराला मांगसाविरात म्हणतात, म्हणजे आपलं मांसविरत, आत्याला हा शब्द ऐकून इतका आनंद झाला. पण त्यात अंडं आणि कांदा-लसूण येऊ शकतं. तिच्यासाठी खरा शब्द "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस फुकेतला मोठा शाकाहार उत्सव असतो, त्या वर्षी तो ३ ते ११ ऑक्टोबर होता, म्हणजे बरोबर आपल्या नवरात्राचे दिवस. त्यात मांस, अंडं, दूध तर नाहीच पण कांदा-लसूणही वर्ज्य. फुकेत टाउनमध्ये असं जेवण देणारी दुकानं नंतरही चालू असतात, तिथून आत्याचा डबा भरून घेतला.

प्रत्यक्ष दिवस

निघायलाच उशीर झाला. कोणाकडे बोट दाखवत नाही, दहा माणसं, दोन बाथरूम. जेट्टीवर पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तरी पाणी चांगलं होतं, एकच पायरी उतरायची. बोट लाँगटेल, म्हणजे लांब लाकडी होडी आणि मागे मोटारीचं इंजिन, त्याच्या लांब दांड्याला पंखा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या, तिथे बोटीची देवी मे या नांग असते, त्यामुळे नाळेवर पाय द्यायचा नाही. आजीने तिथे हात जोडले. बोटवाला, पन्नाशीचा असेल, ते बघून हसला आणि त्याने आजीचा हात धरताना पंजा न धरता मनगट धरलं आणि तिला खुणेने त्याचं मनगट धरायला लावलं. लाट येऊन बोट वर उचलली गेली की तेव्हाच तिला आत घेतलं. दहा सेकंदांचं काम. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावली, काका नको म्हणत होते पण बाबांनी ऐकलं नाही.

राफ्टवर गेल्यावर काका खरोखर लहान झाले. फळ्यांमधून जाळ्यांचे चौकोन, एकात हेकरूसारखे (ग्रुपर) मोठे मासे, एकात शेवंडी, निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या. पोऱ्याने जाळ्याने हेकरू वर काढला, वजन केलं, दोन किलोच्या थोडा वर भरला. अर्धा लिंबू-मिरचीत वाफवून, अर्धा तळून. एक गोष्ट मात्र मी आधी विचारली नव्हती, फळ्यांमधल्या फटी. आजीच्या काठीचं रबर बरोबर त्या फटीत अडकत होतं, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी धरून टेबलापर्यंत नेलं आणि मग ती उठलीच नाही. बाथरूमलाही दोन पायऱ्या होत्या.

भाचा वाऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात बसून दशमी खात मासे बघत होता. वहिनीने तिथून मान वळवली नाही.

जेवण यायला फार वेळ लागला. ऑर्डर बारा वाजून पाच मिनिटांनी दिली, भात-भाजी साडेबाराला आली, मासा नाही. एक वाजायला दहा कमी असताना पश्चिमेकडे टेकड्यांच्या मागे आभाळ काळं झालं आणि वारा एकदम पडला. आजी म्हणाली, "निघा आता. वारा पडला." त्याच क्षणी मासा आला.

हा त्या दिवसातला खरा निर्णयाचा क्षण होता आणि तो आम्ही घेतलाच नाही. कोणी म्हणालं नाही की थांबूया, कोणी म्हणालं नाही की उठूया. मासा टेबलावर होता, काका समोर बसले होते, महिनाभर वाट बघितलेली. मी घड्याळ बघितलं, मनात म्हटलं पंधरा मिनिटं. बाबांचं ते पैसे भरलेत म्हणून चढण्याचं वाक्य इथे लागू होतं, फक्त उलट, पैसे भरलेत म्हणून आम्ही उतरलो नाही.

दहा मिनिटांत पाऊस आला. पत्र्यावर असा आवाज की बाजूच्याचं बोलणं ऐकू येईना, समोरचं बेट दिसेनासं झालं, राफ्ट हलायला लागला. बोटवाल्याने हाताने नाही अशी खूण केली. त्याने नाही म्हटलं ते योग्यच होतं. पाऊस सव्वादोनला थांबला, वारा उतरायला आणखी वेळ, बिल ७,४०० बात म्हणजे साधारण साडेअठरा हजार रुपये, आणि आम्ही बोटीत बसलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

जेट्टीला पोचलो तर सकाळची जेट्टी ओळखू येईना. सकाळी एक पायरी होती तिथे आता नऊ-दहा, खालच्या सगळ्या हिरव्या, पावसाने आणखी गुळगुळीत. दादा आधी चढला. बोटवाला पाण्यात उतरला, कमरेएवढ्या, त्याने बोटीतली दोन गोणपाटं भिजवून पायऱ्यांवर पसरली आणि प्लास्टिकचं लाल स्टूल बोटीत ठेवलं म्हणजे आजीला पाय कमी उचलावा लागेल. पहिली पायरी फूट-दीड फूट वर होती. आजीने उजवा पाय टाकला, डाव्यावर जोर आला तेव्हा गुडघा वाकेना, बोट सरकली आणि तिची नडगी पायरीच्या कडेला घासली गेली. ती पडली नाही, दादा आणि बोटवाल्याने तिला अक्षरशः उचलूनच घेतलं. ओरडलीसुद्धा नाही. वर येऊन बसली तेव्हा मी साडी वर केली तर चार बोटं लांब खरचटलेलं, रक्त येत होतं.

काय झालं शेवटी

बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने धुतलं, गाडीतून थेट क्लिनिकला नेलं कारण कालवांच्या जखमेत कण राहतात आणि आजीला डायबिटीस. तिथे साफ करून पट्टी केली, टिटॅनसचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, पैसे मिळाले. पुण्यात आल्यावर ड्रेसिंग चालू राहिलं आणि जखम पूर्ण भरायला तीन आठवडे लागले, त्या वर्षीची दिवाळी तिने पाय वर घेऊन काढली. फार मोठं काही झालं नाही असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, ७८ व्या वर्षी तीन आठवडे खूप असतात.

भाच्याला काहीही झालं नाही. त्याच्यासाठी जेवढी तयारी केली होती तेवढी सगळी कामाला आली, आणि हेच मला जास्त लागतं, की ॲलर्जीसाठी डॉक्टर, पत्र, चिठ्ठी, डबा सगळं केलं कारण त्याचा त्रास आम्ही डोळ्यांनी बघितला होता, आणि आजी चालते-फिरते म्हणून तिच्यासाठी फक्त एक वेळ ठरवून मोकळे झालो.

रात्री नऊच्या सुमाराला ढग फाटले. आईने रूमच्या केटलमध्ये दूध गरम केलं, घरून आणलेला मसाला घातला, आणि आजीला खुर्चीसकट गॅलरीत नेलं.

परत करायचं तर

सव्वाची वेळ ठरवली पण ती फक्त माझ्या डोक्यात होती. ती बोटवाल्याला सांगायला हवी होती, हॉटेलला सांगायला हवी होती आणि मुख्य म्हणजे ती पाळायची जबाबदारी एका माणसाला द्यायला हवी होती, जो माशाच्या प्रेमात नाही. ऑर्डर आदल्या दिवशी फोनवर देता आली असती. डब्याचं विचारायला फोन केलाच होता ना, त्यातच एवढा वजनाचा मासा साडेअकराला तयार ठेवा म्हटलं असतं तर पाऊस यायच्या आधी आम्ही जेट्टीवर असतो. निघायला पन्नास मिनिटं उशीर झाला तेव्हा परतीची वेळ पुढे ढकलायची नाही, जेवण कमी करायचं, हे आधी बोलून ठेवायला हवं होतं.

पाऊस थांबल्यावरही एक पर्याय होता जो कोणाला सुचला नाही. तिथेच संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत थांबायचं. ओहोटी चारला, म्हणजे सातपर्यंत पाणी परत निम्मं चढलेलं असतं. अंधार झाला असता, भाच्याला त्या वाफेत जास्त वेळ ठेवावं लागलं असतं, म्हणून तो पर्याय चांगला होता असंही मी छातीठोक म्हणणार नाही, पण निदान मांडायला हवा होता. आम्हाला फक्त घरी जायची घाई झाली होती.

हॉटेलला फोन केला तेव्हा मी मेनू, भाव, डबा, कार्ड चालतं का एवढं विचारलं. ओहोटीला किती पायऱ्या चढाव्या लागतात, कठडा आहे का, पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का जवळपास कुठे आहे का, राफ्टवर काठी घेऊन चालता येतं का, बाथरूमला पायरी आहे का, यातलं एकही नाही. ओहोटीच्या वेळचा जेट्टीचा एक फोटो मागवला असता तरी पुरे होतं, त्यांनी आनंदाने पाठवला असता, माणसं चांगली होती.

आणि हे तर पुण्यातच कळायला हवं होतं. आजी गेली चार वर्षं पीएमटीने जात नाही कारण जुन्या बसची पहिली पायरी तिला चढवत नाही, रिक्षाच करतो आम्ही. आम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. बसची पायरी जमत नाही तर हलत्या बोटीतून त्याहून उंच पायरी कशी जमेल हा प्रश्न दहा जणांपैकी एकाच्याही मनात आला नाही. तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारलं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की सात-आठ इंचांपर्यंत ठीक, त्यावर दोन माणसं लागतील, आणि जिन्यात विटा रचून तिच्याकडून करून घेतलं. हे जायच्या आधी करायचं होतं.

लाइफ जॅकेटबद्दल बाबांनी जो हट्ट धरला तो मात्र जसाच्या तसा ठेवेन. आम्ही परत आल्यावर दोन महिन्यांनी, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि किती माणसं गेली. काकांनी त्या रात्री बाबांना फोन केला होता.

येत्या फेब्रुवारीत आजीला घेऊन मालवणला जायचं चाललंय, किल्ल्यावर नाही, फक्त खाडीत एक फेरी. बोटवाल्याचा नंबर मिळाला, परवा फोन आजीनेच केला. भाव नंतर विचारला, आधी तारीख सांगून तिथी कोणती आणि पाणी कधी ते विचारलं. तो म्हणाला अष्टमी आहे आजी, भांग आहे, कधीही या. तिने तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.